वीज खरेदी करारात एक लिहिले आहे आणि आयोगाचा विनियम दुसरे सांगतो : चालणार कोणाचे?

मोंढेकर

नमस्कार. मी जालना जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे हिशेब सांभाळतो. कारखान्याला जोडून सरकीची तेलगिरणी आहे. त्यामुळे आमची करारित वीजमागणी एक मेगावॉटच्या थोडी वर जाते आणि ओपन ॲक्सेसने, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या विक्रेत्याची वीज घेणे आम्हाला आधीपासूनच शक्य होते. २०१७ साली आम्ही धाराशिव जिल्ह्यातील एका सौर प्रकल्पाशी पंधरा वर्षांचा वीज खरेदी करार केला.

आमचा धंदा हंगामी आहे. दसऱ्याला काटापूजन होते, दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते, मार्चपर्यंत रेचे रात्रंदिवस चालतात आणि त्यानंतर आवारात सरकीची पोती व राखणदार एवढेच उरतात. सौर प्रकल्पातून मात्र उन्हाळ्यात भरपूर वीज निघते, आणि नेमकी तेव्हा आमच्याकडे ती वापरायला एकही यंत्र चालू नसते. म्हणून करारात आम्ही मुद्दाम लिहून घेतले होते की, बँकिंगमध्ये, म्हणजे ग्रीडमध्ये सोडलेल्या पण आम्ही न वापरलेल्या विजेच्या वितरण कंपनीकडील खात्यात जमा झालेल्या युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस होईल. एप्रिलपासून साठवायचे आणि हंगामात वापरायचे, असा तो साधा विचार होता. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१६ च्या वितरण ओपन ॲक्सेस विनियमांत त्या वेळी तशी सोय होती.

२०१९ मध्ये त्या विनियमांत दुरुस्ती झाली आणि बँकिंग महिन्यापुरते उरले. मे महिन्यात न वापरलेली युनिटे जूनमध्ये ओढता येत नाहीत, मग डिसेंबरची गोष्टच नको. विक्रेत्याचे म्हणणे असे की, त्याच्या मीटरवर वीज मोजली गेली आहे, तेव्हा तिचे पैसे मिळालेच पाहिजेत. काही वर्षे दोघांनी थोडी थोडी झळ सोसून भागवले. यंदा मात्र थकबाकीची नोटीस आली. करारातील चौदावे कलम असे आहे : “विनियमांत कोणताही बदल झाला तरी या करारातील हिशेबाची पद्धत कायम राहील.” आमचे मालक ते कलम माझ्यापुढे ठेवून विचारतात की, दोन्ही बाजूंनी मुद्रांकावर सह्या केल्या आहेत, तर मध्ये हा आयोग कोण? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खंडपीठाच्या पायरीवरून

मोंढेकर, आपल्या मालकांच्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ मार्च २०१० रोजी दिलेले आहे. पीटीसी इंडिया विरुद्ध केंद्रीय विद्युत नियामक आयोग, असे ते प्रकरण आहे. केंद्रीय आयोगाने २००६ मध्ये विनियम करून, आंतरराज्य वीज व्यापाऱ्याने युनिटमागे चार पैशांहून अधिक व्यापारी नफा घेऊ नये, अशी मर्यादा घातली. व्यापाऱ्यांचे करार त्याआधीच झालेले होते. त्यांचा आक्षेप नेमका आपल्या मालकांचाच होता : आम्ही आणि समोरच्याने राजीखुशीने ठरवलेल्या गोष्टीत आयोगाचा संबंध काय?

न्यायमूर्ती एस. एच. कपाडिया यांनी घटनापीठासाठी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १७८ खाली केलेला विनियम म्हणजे एखाद्या वादात दिलेला आदेश नव्हे. तो दुय्यम विधान आहे, म्हणजे संसदेने दिलेल्या अधिकारातून निर्माण झालेला कायदाच आहे. म्हणून तो सर्वांना सारखाच लागू होतो, चालू असलेल्या करारांतही हस्तक्षेप करू शकतो आणि पक्षांना आपले करार त्याच्याशी जुळवून घ्यावे लागतात. राज्य आयोगाला हाच अधिकार कलम १८१ ने मिळतो. विनियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि केल्यानंतर तो राज्य विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. करार दोघांचा असतो, तर विनियम विधिमंडळाच्या नजरेखालून जातो, आणि त्यामुळेच दोहोंत अंतर्विरोध आला की विनियमाचे पारडे जड ठरते.

याच निकालातील आणखी एक भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. विनियमच मुळात बेकायदा आहे, असे ज्याला म्हणायचे असेल, त्याला विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाऊन उपयोग नाही. ते न्यायाधिकरण आयोगाच्या आदेशांवरील अपिले ऐकते, विनियमाची वैधता तपासू शकत नाही. त्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयातच रिट याचिका करावी लागते. चुकीच्या दारात दोन वर्षे घालवून नंतर आमच्याकडे आलेले पक्षकार मी पाहिले आहेत, म्हणून हे आवर्जून लिहिले.

परळीचा निवृत्त अभियंता

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी त्यामागचे कारण माझ्या भाषेत सांगतो. जायकवाडीच्या कालव्यावर शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी आपसात कागद केला की, तुझी उन्हाळी पाळी मी वापरतो आणि माझी रब्बीतली तू वापर, तर तो व्यवहार कालव्याला पाळी सुटते आहे तोवरच चालतो. उन्हाळी पाळीच रद्द झाली, तर तो कागद दाखवून कालव्यात पाणी येत नाही. बँकिंगचेही तसेच आहे. मे महिन्यात सौर प्रकल्पाने ग्रीडमध्ये सोडलेली वीज कुठे साठवून ठेवलेली नसते. ती त्याच क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी पंपावर किंवा पंख्यावर खर्च होते. जानेवारीत जिनिंगला मिळते ती वीज वितरण कंपनीने त्या दिवशी कोठून तरी विकत घेतलेली असते. म्हणजे साठवण कागदावरची आहे आणि दोन ऋतूंतील दरांच्या फरकाचा भार शेवटी इतर सर्व ग्राहकांच्या बिलात जातो. हा भार किती असावा हे विक्रेता आणि खरेदीदार दोघे मिळून ठरवू शकत नाहीत, कारण तो सोसणारा तिसरा माणूस त्या करारावर सही करायला बसलेला नसतो.

तिसऱ्या माणसाला विचारात न घेतलेला करार काय करतो, हे महाराष्ट्राने एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या निमित्ताने पाहिले आहे. १९९३ च्या डिसेंबरमध्ये तत्कालीन वीज मंडळाने तो करार केला, १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती घेणे थांबवले. दर डॉलरशी आणि इंधनाच्या किमतीशी बांधलेला होता, वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच होता. त्या काळात आम्ही परळीच्या संचांवर काम करत होतो. स्वतःचे स्वस्त संच कमी भारावर चालवून महाग वीज का घ्यायची, असा प्रश्न आमच्या पाळीतल्या प्रत्येकाच्या मनात असे. करार झाला तेव्हा राज्यात नियामक आयोगच नव्हता. तो १९९९ मध्ये स्थापन झाला. २००३ च्या अधिनियमाच्या कलम ८६ (१) (ब) ने वितरण परवानाधारकांच्या, म्हणजे वितरण कंपन्यांच्या वीज खरेदीवर आणि खरेदीच्या करारांवर नियमन करण्याचे काम राज्य आयोगाला दिले, त्यामागे या अनुभवाचाही वाटा आहे असे माझे मत आहे.

बालाघाट

मी सौर प्रकल्पांच्या बाजूने काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. अभियंता काकांचा तिसऱ्या माणसाचा मुद्दा मला मान्य आहे. पण प्रकल्प उभा करणाऱ्याने पंधरा वर्षांच्या कराराच्या भरवशावर बँकेचे कर्ज काढलेले असते. बँकेचा अधिकारी करार वाचतो, त्यातील दर आणि हिशेबाची पद्धत पाहतो आणि मगच कर्ज मंजूर करतो. दोन वर्षांनी विनियम बदलला म्हणून कर्जाचा हप्ता बदलत नाही. माळरानावर खांब रोवून, रस्ता करून, गावकऱ्यांशी जमिनीच्या भाडेपट्ट्याचे बोलणे करून आम्ही प्रकल्प उभा करतो. आयोगाने कधीही काहीही ठरवावे आणि करार आपोआप मोडावा, असे असेल तर मराठवाड्यात गुंतवणूक करायला कोण येईल? विनियमाच्या या अधिकाराला काही सीमा आहे की नाही, हे वकीलसाहेबांनी सांगावे.

खंडपीठाच्या पायरीवरून

सीमा निश्चितच आहे, आणि माझ्या मते या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. करारावर मात करतो तो विनियम. आयोगाचा प्रत्येक आदेश, सरकारचा प्रत्येक निर्णय किंवा वितरण कंपनीचे प्रत्येक परिपत्रक करारावर मात करत नाही. लोक या सर्वांना एकाच तागडीत घालतात आणि तेथेच फसतात.

गुजरातमधील सोलर सेमीकंडक्टर प्रकरण पाहा. प्रकल्प मुदतीत सुरू झाला नाही, म्हणून जुना वाढीव दर मिळावा यासाठी मुदत वाढवून देण्याची मागणी होती आणि त्यासाठी आयोगाच्या अंगभूत अधिकाराचा आधार घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले की, अंगभूत अधिकार वापरून आयोगाला कराराच्या अटी बदलता येणार नाहीत. तेथे कराराचे पारडे जड ठरले. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सरकारने पवन आणि सौर प्रकल्पांच्या आधीच ठरलेल्या दरांवर फेरवाटाघाटी करण्याचा प्रयत्न केला. २०२२ च्या मार्चमध्ये तेथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने करारातील दरानेच पैसे देण्यास सांगितले. दर महाग वाटतो, एवढ्या कारणाने सरकारला सहीतून माघार घेता येत नाही.

दुसरी सीमा काळाची आहे. मूळ अधिनियमाने स्पष्ट अधिकार दिलेला नसेल, तर दुय्यम विधान मागील तारखेपासून लागू करता येत नाही. म्हणजे मोंढेकरांच्या बाबतीत दुरुस्ती अमलात येण्याच्या दिवसापूर्वी जमा झालेल्या युनिटांचा हिशेब आणि नंतरच्या युनिटांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागेल. तिसरी सीमा विनियमाच्याच शब्दांत असते. पुष्कळदा शेवटच्या प्रकरणात जुन्या करारांना संरक्षण देणारी तरतूद असते, तर कधी नसते. ती नसेल, तर घटनापीठाचे तत्त्व पूर्णपणे लागू होते. म्हणून विनियम शेवटपर्यंत वाचावा, अर्ध्यावर थांबू नये.

मांजराकाठ

मी एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती विभागात आहे, नाव अर्थातच लिहीत नाही. आमचा प्रश्न उलट दिशेचा आहे. आमच्या करारात देयक उशिरा मिळाल्यास विलंब अधिभाराचा एक दर लिहिलेला आहे आणि केंद्र सरकारच्या २०२२ च्या विलंब अधिभार नियमांत दुसरा. ऊस गाळपाचे पैसे शेतकऱ्याला वेळेत द्यायचे असतात, त्यामुळे विजेचे देयक चार महिने अडकले की त्याची झळ थेट उसाच्या बिलाला लागते. हे नियमही करारावर मात करतात का?

खंडपीठाच्या पायरीवरून

येथे आधी एक शब्दभेद ध्यानात घ्यावा. नियम सरकार करते, विनियम आयोग करतो, आणि आयोगाचे विनियम अधिनियमाशी व नियमांशी सुसंगत असावे लागतात, असे कलम १८१ मध्येच म्हटले आहे. आपण म्हणता त्या नियमांत अधिभाराचा मूळ दर स्टेट बँकेच्या कर्जदरावर पाच टक्के असा धरलेला असून उशीर वाढेल तसा तो दरमहा अर्ध्या टक्क्याने, पण एकूण तीन टक्क्यांपर्यंतच वाढतो. मात्र त्याच नियमात पुढे असेही सांगितले आहे की, करारात अधिभाराचा दर दिलेला असेल, तर त्याहून अधिक दर लावता येणार नाही. म्हणजे या ठिकाणी नियमाने स्वतःहून करारातील दराला कमाल मर्यादेचे स्थान दिले आहे. आपल्या करारातील दर कमी असेल, तर दुर्दैवाने तोच लागू होईल.

गोदामाय

मी ग्राहक चळवळीत काम करते. एक शंका विचारते. मोंढेकरांचा कारखाना आणि विक्रेता या दोघांनीही एकमताने ठरवले की आम्हाला नवा विनियम नको, जुन्या पद्धतीनेच राहू, तर त्याला कोणाची हरकत असावी? चौदाव्या कलमात त्यांनी नेमके तेच केले आहे ना?

खंडपीठाच्या पायरीवरून

ताई, आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ज्या तरतुदीमागे लोकहित आहे, ती दोन पक्षांना आपसातील संमतीने सोडून देता येत नाही. सासन प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते. स्पर्धात्मक बोलीने ठरलेल्या दराचा परिणाम ग्राहकांवर होत असल्यामुळे, खरेदीदारांनी आपला हक्क सोडला असे म्हणून तो दर बदलता येणार नाही, असा तो निर्णय होता. त्यातच भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार कायद्याच्या तरतुदी निष्फळ करणारा करार ग्राह्य धरला जात नाही. तेव्हा चौदावे कलम वितरण कंपनीपुढे आणि आयोगापुढे निरुपयोगी आहे. मे महिन्याची युनिटे डिसेंबरच्या बिलात जमा करून घेण्यासाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही.

पण म्हणून ते कलम मेले, असे समजण्याची घाई करू नये. विनियम करारावर मात करतो तो अंतर्विरोध असेल तेवढ्याच जागेपुरती. उरलेला करार जिवंत राहतो. विनियम एवढेच सांगतो की ही युनिटे पुढच्या महिन्यात नेता येणार नाहीत. ती वाया गेल्याचे नुकसान विक्रेत्याने सोसावे की खरेदीदाराने, याविषयी विनियम काहीही सांगत नाही, कारण तो त्याचा विषय नाही. ते करारातूनच शोधावे लागते. आपला करार नीट वाचला, तर कदाचित असे दिसेल की, चौदाव्या कलमाने विक्रेत्याने बदलाचा धोका स्वतःकडे घेतला आहे. वर्षअखेरचा हिशेब कायम राहील असे वचन त्याने दिले, ते त्याला ग्रीडवर पाळता येत नसेल, पण पैशांच्या हिशेबात ते त्याच्यावर बंधनकारक असू शकते. उलट करारात किमान खरेदीची हमी दिली असेल, तर हाच धोका आपल्याकडे येतो.

बालाघाट

हे मी मोकळेपणाने मान्य करतो की, २०१७ च्या सुमारास अनेकांनी करारांचे नमुने एकमेकांकडून घेऊन भरले. कायद्यातील बदलाचे कलम काळजीपूर्वक लिहिलेले करार माझ्या पाहण्यात फार थोडे आले. मोंढेकर, आपल्या करारात ‘पुरवठा केलेली वीज’ या शब्दांची व्याख्या काय आहे, ते पाहा. आमच्या क्षेत्रातील निम्मी भांडणे त्या एका ओळीत असतात. प्रकल्पाच्या मीटरवर मोजलेली वीज म्हणजे पुरवठा, असे लिहिले असेल तर विक्रेता खरा. ग्राहकाच्या बिलात जमा मिळालेली वीज म्हणजे पुरवठा, असे असेल तर गोष्ट वेगळी.

परळीचा निवृत्त अभियंता

एक विचारावेसे वाटते. हा वाद नेऊन ठेवायचा कोठे? मुंबईला कफ परेडच्या आयोगाकडे जाणे जालन्याच्या माणसाला सोपे नाही.

खंडपीठाच्या पायरीवरून

काका, कलम ८६ (१) (फ) खाली आयोग परवानाधारक आणि निर्मिती कंपन्या यांच्यातील वाद सोडवतो. त्या वादांत करारातील लवादाचे कलमही आयोगाच्या अधिकारापुढे मागे पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गुजरात ऊर्जा विकास निगम विरुद्ध एस्सार पॉवर या प्रकरणात सांगितले आहे. परंतु येथे भांडण खाजगी विक्रेता आणि खाजगी खरेदीदार यांच्यात आहे, परवानाधारक त्यात पक्षकार नाही. त्यामुळे करारात लवादाचे कलम असेल तर पैशांचा वाद लवादाकडेच जाईल आणि तो छत्रपती संभाजीनगरला किंवा जालन्यालाही चालवता येईल. मात्र वितरण कंपनीने युनिटे जमा करताना चूक केली असे म्हणायचे असेल, तर तो भाग वेगळा काढून योग्य मंचापुढे न्यावा. दोन्ही एकाच अर्जात मिसळू नयेत. आणि दिवाणी दाव्यांची तीन वर्षांची मुदत लवादालाही लागू असते. विक्रेत्याने किती जुनी थकबाकी मागितली आहे, ते नोटिशीत तारखेनिशी पाहा.

मोंढेकर

आपल्या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. काल संध्याकाळी तिजोरीतून मूळ करार काढला. आजवर मी छायाप्रतीवरच काम करत होतो आणि त्या प्रतीत व्याख्यांचे पान अस्पष्ट होते. मूळ कागदावर तिसऱ्या पानाच्या तळाशी स्पष्ट लिहिले आहे की, पुरवठा केलेली वीज म्हणजे वितरण कंपनीने ग्राहकाच्या मासिक बिलात जमा दिलेली युनिटे. ते वाचून मला हायसे वाटले, पण तो आनंद फार वेळ टिकला नाही. अकराव्या पानावरील परिशिष्टात, प्रकल्पाच्या वार्षिक उत्पादनाच्या ऐंशी टक्के वीज घेण्याची हमी आम्ही दिलेली आहे. व्याख्या आमच्या बाजूने आहे, हमी त्यांच्या बाजूने आहे, आणि दोन्हींवर त्याच सह्या आहेत.

नोटिशीतील रकमेत २०१९ पासूनची सर्व वर्षे एकत्र धरली आहेत. मी आजपासून महिन्यानिहाय तक्ता करतो आहे : प्रकल्पाच्या मीटरवरील युनिटे, बिलात जमा मिळालेली युनिटे आणि बाद झालेली युनिटे, असे तीन रकाने, आणि दुरुस्ती अमलात आल्याच्या तारखेला मध्ये एक लाल रेघ. मालकांना मी सांगितले की आयोग तिसरा नाही, ग्रीडच्या प्रत्येक व्यवहारात तो पहिल्यापासून होता, आपण फक्त करार करताना त्याला गृहीत धरले नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विक्रेत्याला फोन लावून काटापूजनाच्या आधी जालन्याला येण्याचे बोलावणे केले.

वकीलसाहेब, व्याख्या आणि परिशिष्ट यांच्यात मेळ नसेल तर प्राधान्य कशाला द्यायचे, असे कलम मला करारात सापडलेले नाही. लवादापुढे अशा वेळी काय पाहिले जाते?

खंडपीठाच्या पायरीवरून

संपूर्ण करार एकत्र वाचून दोन्ही तरतुदींना अर्थ उरेल, असा अन्वयार्थ प्रथम शोधला जातो. आपल्या बाबतीत असा युक्तिवाद होऊ शकतो की, हमी ही जमा मिळू शकणाऱ्या विजेपुरतीच होती, कारण सही करताना दोघांनीही वर्षभराचे बँकिंग गृहीत धरले होते आणि चौदावे कलम त्याचाच पुरावा आहे. २०१७ मध्ये विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार आणि ई-मेल शोधून ठेवा, विशेषतः हंगामाविषयी आपण त्याला काय कळवले होते ते. बैठकीला जाताना मूळ करारच न्यावा, छायाप्रत नको.